नाताळच्या सुट्टीत मुलांना कोणता ॲनिमेशनपट दाखवू? आधी त्यातली अवघड जागा शोधा

तुमचा प्रश्न मी पुन्हा एकदा मांडते, म्हणजे उत्तर कशाला देतेय ते स्पष्ट राहील. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी सातची. ऑगस्टमध्ये तुम्ही पुण्याहून लेस्टरला आलात. मुलांचे बाबा कामामुळे जानेवारीपर्यंत पुण्यातच आहेत. शाळेत नोव्हेंबरपासून ख्रिसमसशिवाय दुसरा विषय नाही. सुट्टीत दोघांना एकत्र दाखवता येतील असे पाच ॲनिमेशनपट हवेत. घाबरवणारे नकोत आणि धर्मप्रचार करणारेही नकोत.

मी मूळची वसईची. इंग्लंडमध्ये येऊन २१ वर्षं झाली, त्यातली १८ तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या नर्सरीत गेली. सुट्टी लागण्याआधीच्या शेवटच्या गुरुवारी आमच्याकडे ‘पिक्चरची दुपार’ असते आणि पिक्चर निवडायचं काम कधीतरी माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. यादी मी देणारच आहे. पण ‘घाबरवणारे नकोत’ या अटीपाशी थोडं थांबू, कारण खरी अडचण तिथे आहे. या सणावरचा चांगला पिक्चर घेतलात तर त्यात एक तरी अवघड जागा असतेच. कोणी हरवतं, कोणी एकटं पडतं, कोणी वितळून जातं. ती जागा काढून टाकली तर पिक्चर अगदी पाणचट होतो आणि मुलं दहाव्या मिनिटाला उशांची मारामारी सुरू करतात. म्हणून मी पिक्चर निवडताना ती जागा कुठे आहे, केवढी आहे आणि समोरच्या मुलाला आत्ता, या महिन्यात, ती झेपेल का एवढंच बघते. हे तुमच्या मुलावर अवलंबून आहे आणि त्याला मी पाहिलेलं नाही. तेव्हा मी कारणंही सांगते. नावांमध्ये फेरफार तुम्ही करा.

सुरुवात लांबीपासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसात बसून स्क्रीन बघण्याचा वेळ एका तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर उत्तमच. साडेचारचं मूलही याच हिशेबात धरा. दीड तासाचा पिक्चर इथेच बाद होतो. सुदैवाने नाताळच्या ॲनिमेशनमधल्या उत्तम गोष्टी मुळातच छोट्या आहेत, आणि त्यालाही कारण आहे. त्या टीव्हीसाठी बनल्या. अमेरिकन वाहिन्यांवर अर्ध्या तासाची जागा मिळायची, जाहिराती वजा जाता २५-२६ मिनिटं उरायची. १९६५ चा ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ आणि १९६६ चा चक जोन्स यांनी केलेला ‘ग्रिंच’ याच मापाचे. ब्रिटनमध्ये १९८२ चा ‘द स्नोमॅन’ २६ मिनिटांचा आणि २०१५ चा ‘स्टिक मॅन’ २७ मिनिटांचा. साडेचार वर्षांच्या मुलाला सुरुवात, मधला भाग आणि शेवट एका बैठकीत डोक्यात धरता येतो तो साधारण एवढाच. लांबलचक पिक्चर अर्ध्यावर थांबवून ‘उरलेला उद्या बघू’ म्हणालात, तर तो नेमका अवघड जागेवर तुटतो आणि मूल रात्रभर तिथेच अडकून बसतं.

पण छोटा म्हणजे सौम्य, असं धरून चालू नका. मिकी माउसला घेऊन केलेला १९८३ चा ‘मिकीज ख्रिसमस कॅरल’ जेमतेम २६ मिनिटांचा आहे. मिकी म्हटल्यावर पालक निर्धास्त होऊन स्वयंपाकघरात जातात. त्यात एक स्मशान आहे, उघडी कबर आहे आणि एका आजारी मुलाचा मृत्यू सूचित केलेला आहे. सात वर्षांची मुलगी आईला टेकून बघेल, धाकट्याला नको.

प्रमाणपत्राचंही तसंच. इथल्या ‘यू’चा अर्थ साधारण चार वर्षांपासून पुढे चालेल, आणि ‘पीजी’चा अर्थ आठेक वर्षांच्या मुलाला त्याने अस्वस्थ वाटू नये. म्हणजे ‘पीजी’ पाहिलं की तुमच्या दोन्ही मुलांसाठी विचार करायला हवा, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आणि प्रमाणपत्र हिंसा, भाषा, धोका वगैरे मोजतं. दुःख त्यात नीटसं मोजलं जात नाही. बाबा दूर असलेल्या मुलाला काय लागेल हे तर कोणतंच मंडळ सांगू शकणार नाही.

माझी चूक सांगते, म्हणजे मुद्दा कळेल. नर्सरीतल्या माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी ‘द पोलर एक्सप्रेस’ लावला. २००४ चा, रॉबर्ट झेमेकिस यांचा, शंभर मिनिटांचा. अमेरिकेत त्याला ‘जी’ प्रमाणपत्र, म्हणजे सगळ्यांसाठी. आगगाडी, बर्फ, गरम चॉकलेट, आणखी काय हवं? सुरुवातीचा भाग मजेत गेला. मग गाडीतला मोडक्या खेळण्यांचा डबा येतो. अंधारात लोंबकळणाऱ्या बाहुल्या, आणि त्यातली एक अचानक मुलाच्या अंगावर येऊन बोलू लागते. खोलीत २४ मुलं होती. त्यातली सहा-सात माझ्या आणि माझ्या सहकारी बाईंच्या मांडीवर, उरलेली एकमेकांच्या. शिवाय माणसांच्या हालचाली टिपून केलेले ते चेहरे मोठ्यांनाही जरा निर्जीव वाटतात. लहान मुलं तर बोट दाखवून विचारतात, ‘याचे डोळे असे का?’

त्या पिक्चरची दुसरी गोम मला फार उशिरा कळली. त्यातल्या मुलाला सांता खरा आहे की नाही अशी शंका आहे, आणि विश्वास बसेपर्यंत त्याला घंटेचा आवाजच ऐकू येत नाही. मोठ्यांना हे गोड वाटतं. पण ज्या मुलाच्या मनात शंका आलेलीच नाही, त्याच्या मनात ती आधी हा पिक्चर घालतो आणि मग दूर करायला बसतो. चार वर्षांची एक मुलगी घरी जाऊन आईला म्हणाली होती, ‘सांता नसतो असंपण असतं का?’ आई दुसऱ्या दिवशी दारात उभी! तुमच्या घरी सांताचं काय ठरलंय ते तुम्ही लिहिलं नाहीत. ठरलं नसेल तर सुट्टीआधी ठरवा, कारण शाळेतली मुलं ‘तुमच्याकडे सांता येतो का?’ हे विचारणारच. मुलीला विश्वासात घेऊन खरं सांगणार असाल तर तिने ते धाकट्याला सांगायचं नाही, हेही त्याच वेळी ठरवा. सात वर्षांच्या मुलांना असं गुपित सांभाळायला फार आवडतं.

आता ‘द स्नोमॅन’. तुमच्या घरासाठी माझी पहिली पसंती हीच, आणि त्यातली अवघड जागा सर्वांत मोठी आहे. मूळ पुस्तक रेमंड ब्रिग्ज यांचं, १९७८ चं. गंमत म्हणजे पुस्तकात ख्रिसमस नाहीच. पिक्चर करताना तो आणला गेला. एक मुलगा बर्फाचा माणूस बनवतो, रात्री तो माणूस जिवंत होतो, घरभर फिरतो, आईबाबांच्या खोलीत ग्लासात ठेवलेली कवळी घालून बघतो (इथे माझी सगळी खोली दर वर्षी लोळते), मग दोघे आकाशात उडतात. सकाळी मुलगा धावत बाहेर येतो तर बर्फ वितळलेला. टोपी, मफलर, नाकाचं संत्रं आणि कोळशाची बटणं तेवढी उरलीत. मुलगा खिशातून सांताने दिलेला मफलर काढतो आणि गुडघे टेकून बसतो. संपलं. कोणी येऊन समजूत काढत नाही.

पहिल्या वर्षी मी शेवट झाल्या झाल्या दिवे लावले आणि टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते. आता मी आदल्या दिवशी तयारी करते. एका वाटीत पाणी, त्यात एखादं लाल पान आणि बटण टाकून रात्री फ्रीझरमध्ये ठेवते. सकाळी तो बर्फाचा गोळा ताटलीत काढून मुलांच्या मधोमध. खेळत राहायचं आणि येता-जाता बघायचं. आधी कडा चमकायला लागतात, मग खाली पाणी जमतं, मग पानाचा देठ बाहेर येतो. दुपारपर्यंत ताटलीत पाणी, पान आणि बटण. ‘बर्फ कुठे गेला?’ ‘इथेच आहे, पाणी झालंय.’ एवढंच. दुसऱ्या दिवशी पिक्चरच्या शेवटी कोणीतरी हमखास म्हणतं, ‘बटणं राहिली!’ रडणारं मूल तरीही रडतं. रडू द्या. पण आपल्याला फसवलं गेलं असं त्याला वाटत नाही, कारण बर्फ असाच वागतो हे त्याने हाताने बघितलेलं असतं. त्यानंतर दिवे लावायची घाई करू नका, लगेच दुसरं काही लावूही नका. मुलाने विचारलं तर उत्तर द्या, नाही विचारलं तर गप्प बसा.

पहिली पसंती देण्याचं दुसरं कारण भाषा. या पिक्चरमध्ये एक गाणं सोडलं तर जवळजवळ शब्दच नाहीत. तुमचा मुलगा चार महिन्यांपूर्वी इथे आलाय, शाळेत दिवसभर अर्धवट कळणारं इंग्रजी ऐकून दमत असणार. घरी पुन्हा भरधाव इंग्रजी संवादांचा पिक्चर म्हणजे त्याच्यासाठी आणखी एक शाळा. मुक्या पिक्चरवर तुम्ही मराठीतून बोला. ‘अगं बाई, कवळी घातली की याने!’ असं. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा त्याला बोलू द्या, तिसऱ्यांदा ताईला. याच कारणासाठी दुसरं नाव ‘शॉन द शीप’चा ‘द फ्लाइट बिफोर ख्रिसमस’, २०२१ चा, अर्ध्या तासाचा. त्यातली मेंढरं बें-बें करतात आणि माणसं नुसती पुटपुटतात. मधे छोटं कोकरू हरवतं ही अवघड जागा, पण सगळा प्रकार इतका गमतीचा आहे की बहुतेक मुलांना भीती शिवतही नाही.

तिसरं ‘रॉबिन रॉबिन’, तोही २०२१ चा, ‘शॉन’ बनवणाऱ्याच आर्डमन स्टुडिओचा. उंदरांच्या घरात वाढलेलं पाखरू. धड उंदीर नाही, धड पक्षी नाही. नव्या देशात आलेल्या मुलांना यातलं काय लागतं ते आपण सांगायची गरज नसते. यात मांजर आहे आणि ती खरोखर भीतीदायक आहे, हळू आवाजात बोलते म्हणून जास्तच. ती येईल तेव्हा मुलाच्या शेजारी असा, समोर नको. भ्यायलेलं मूल पडद्यापासून तोंड फिरवून बाजूला लपतं. लपायला तिथे माणूस हवं.

चौथं ‘ग्रिंच’, पण १९६६ चा. २०१८ चा नवा सुमारे दीड तासाचा आहे, चकचकीत आहे, वाईट नाही, पण धाकट्याला लांब पडतो. जुन्यात गोष्ट सरळ आहे. गावाचा सण सहन न होणारा एक कुजका प्राणी सांताचा वेश करून सगळ्यांच्या भेटवस्तू आणि खाऊ पळवतो. सकाळी लोक रडतील म्हणून कान देऊन बसतो, तर लोक हात धरून गातायत. ज्या घरात झाडाखाली भेटवस्तूंचा ढीग लागणार नाही त्या घराला ही गोष्ट बरी. अवघड जागा मात्र तुमच्यासाठी खास तपासायला हवी. रात्री, सगळे झोपलेले असताना, एक परका घरात शिरतो आणि जाग आलेल्या चिमुरडीशी खोटं बोलतो. बाबा घरी नाहीत, घर नवं आहे, चार वाजता अंधार पडतो. तुमचा मुलगा रात्री दाराला कडी लावली का असं विचारत असेल, तर हा या वर्षी राहू द्या. पुढच्या वर्षी तो खो-खो हसेल.

वेळेचं इथेच सांगते. आमच्याकडे जुने लोक म्हणतात झोपण्याआधी पिक्चर, म्हणजे मूल शांत होतं. माझा अनुभव उलटा आहे. सकाळी अकरा ही उत्तम वेळ. बघितल्यानंतर दिवस शिल्लक असतो. जेवण होतं, बाहेर चक्कर होते, मुलं तेच सोंग घेऊन खेळतात आणि जे काही आत गेलंय ते खेळातून बाहेर येतं. अंधारात बघून थेट अंथरुणात गेलं की ते तसंच आत राहतं.

‘दोघांना एकत्र’ ही अट थोडी सैल करा असं मी म्हणेन. मोठ्या बहिणीने कायम धाकट्याच्या मापाचं बघायचं, हा तिच्यावर अन्याय आहे. धाकटा दुपारी झोपत असेल तर तो वेळ तिचा. तिच्यासाठी २०११ चा ‘आर्थर ख्रिसमस’ घ्या, ९७ मिनिटांचा. एका मुलीची सायकल द्यायची राहून जाते आणि सांताच्या घरातल्या आजोबा, बाबा, दोन भाऊ अशा तीन पिढ्यांची त्यावरून जुंपते. आपल्या एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे भांडण फार ओळखीचं वाटेल. आणि २०१९ चा ‘क्लाउस’, स्पेनच्या सर्जिओ पाब्लोस यांचा. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत देखणा. सुरुवातीला एका भांडकुदळ गावातली हाणामारी आहे, मधे पत्नी गेलेल्या माणसाचं दुःख आहे आणि शेवट हळवा आहे, म्हणून साडेचारच्या मुलाला नको. पण त्यात मार्गू नावाची एक सामी (उत्तर युरोपातल्या आदिवासी समाजातली) मुलगी आहे. ती पोस्टमनशी तिच्या भाषेत भडाभडा बोलते आणि त्याला ओ की ठो कळत नाही. शेवटी गावातल्या शिक्षिकेच्या मदतीने तिचं पत्र लिहिलं जातं. मार्गूला आपली भाषा सोडावी लागत नाही, समोरच्याला ती समजून घ्यावी लागते. आमच्याकडे येणाऱ्या एका मराठी मुलीने हा भाग तीनदा मागे नेऊन पाहिला, असं तिच्या आईने सांगितलं होतं.

टाळायचे म्हणाल तर ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’. नावात ख्रिसमस आहे, जीव हॅलोविनचा आहे. तुमच्या मुलीला तीन-चार वर्षांनी जरूर दाखवा. झेमेकिस यांचाच २००९ चा ‘अ ख्रिसमस कॅरल’ही दोघांसाठी नको, तो मला स्वतःला जड गेला. आणि लाल नाकाच्या ‘रुडॉल्फ’बद्दल (१९६४, बाहुल्यांचा) माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. बाहुल्या सुंदर, गाणी सुंदर. पण त्या रेनडिअरच्या पिलाच्या नाकावरून बाप, सवंगडी, खुद्द सांतासुद्धा नाक मुरडतात, आणि हिमवादळात ते नाक उपयोगी पडल्यावर सगळ्यांना एकदम प्रेम येतं. वर्गात वेगळ्या दिसणाऱ्या मुलांबरोबर हा बघताना मला दर वेळी अवघडल्यासारखं होतं. दाखवलात तर नंतर ‘वादळ आलंच नसतं तर?’ असं मुलीला विचारून बघा.

धर्माची काळजी मात्र जवळजवळ सोडून द्या. वरच्या पाच-सहा नावांमध्ये येशूचा जन्म कुठेच नाही. ‘चार्ली ब्राउन’मध्ये एक मुलगा बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला जन्माचा उतारा म्हणतो, तेवढाच काय तो अपवाद, आणि तोही मिनिटभराचा. मी ज्या वसईत वाढले तिथे नाताळ म्हणजे दारात मांडलेला येशूजन्माचा गोठा, त्यासाठी आणलेलं गवत, मातीची गाढवं-मेंढरं आणि मध्यरात्रीचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. सांता आमच्याकडे उशिरा आला. इथल्या पिक्चरांमध्ये बर्फ आणि भेटवस्तू आहेत, गोठा शोधूनही सापडत नाही. याची तक्रार मी करायला हवी, तुम्ही नव्हे! या मुलांच्या डोक्यात जाण्यासारखा ‘प्रचार’ असेलच तर तो खरेदीचा आहे.

तर धाकट्यासह बघायचे चार झाले: स्नोमॅन, शॉन, रॉबिन आणि जमलं तर ग्रिंच. पाचवा मी मुद्दाम मागे ठेवला होता, ‘स्टिक मॅन’. २०१५ च्या नाताळच्या दिवशी बीबीसीवर पहिल्यांदा दाखवला गेला. झाडाच्या काटकीचा एक बाबा सकाळी फिरायला बाहेर पडतो. कुत्रा त्याला उचलतो, मग नदी, मग हंस, मग समुद्र. घर दूर दूर जातं, ऋतू बदलतात, बायको-मुलं वाट बघतायत. एका क्षणी तो चुलीतली लाकडं म्हणून शेकोटीत जाऊन पडतो. शेवटी सांताच्या मदतीने घरी पोचतो.

तुमच्या मुलासाठी हा या वर्षीचा सर्वांत योग्य पिक्चर असू शकेल किंवा सर्वांत चुकीचा. हे मला इथून ठरवता येत नाही. बाबांचा विषय निघाल्यावर तो बोलत असेल, ‘किती दिवस राहिले’ मोजत असेल, तर दाखवा. त्याच्या मनातलंच कोणीतरी मांडलंय असं त्याला वाटेल. पण तो बाबांचं नाव निघताच विषय बदलत असेल किंवा फोनवर यायला नकार देत असेल, तर थांबा. बाबा आल्यावर तिघांच्या मधे बसून बघू दे.

दाखवायचं ठरलं तर एक करून बघा. इथे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेचार असतात. बाबांना तिकडे तोच पिक्चर उघडून बसायला सांगा, फोन चालू ठेवा आणि एक-दोन-तीन म्हणून दोन्हीकडे एकदम सुरू करा. सत्तावीस मिनिटं कोणीही सवड काढू शकतो. आवाज अर्ध्या सेकंदाने पुढे-मागे होईल, त्याचंच मुलांना हसू येईल. शेकोटीच्या प्रसंगाला बाबांनी तिकडून काहीतरी बोलत राहावं.